‘मी वाचलं नव्हतं’

सिंगापुरात बेने इस्रायलींची, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंची, घरं तशी थोडकीच. अलिबाग-पेणकडून मुंबईला आणि मुंबईहून इकडे आलेली ही माणसं महिन्यातल्या एका रविवारी क्वीन्सटाउनच्या एका कॉन्डोच्या हॉलमध्ये जमत. त्यांच्या मंडळाचं एक चार पानी पत्रक निघे. एझ्रा किहिमकर त्याचा संपादक होता.

२००९च्या जानेवारीत गाझावर इस्रायलचे बॉम्ब पडत होते. मंडळातल्या रिव्कामावशींनी एझ्राला बिशानला घरी बोलावून घेतलं. अलिबागच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या मावशी आता लेकीकडे राहत होत्या. त्यांनी मराठीत पत्र लिहिलं होतं: ‘इस्रायलात अश्दोदमधल्या आपल्या माणसांसाठी आपण प्रार्थना म्हणतो, ती म्हणायलाच हवी. पण गाझात मेलेली मुलंही कुणाची तरी आहेत. या युद्धाला माझा होकार धरू नका. मी ज्यू आहे, म्हणूनच हे बोलते आहे.’

एझ्राने ते दोनदा वाचलं.

“मावशी, माझ्याच मनातलं लिहिलंत,” तो म्हणाला आणि तिथेच बसून त्याने पत्रकात छापायला पत्राचं इंग्रजी केलं. मावशींनी त्याला दोन थालीपिठं खायला लावली.

पत्रक निघालं आणि पुढच्याच रविवारी हॉलमध्ये गदारोळ झाला. अध्यक्ष सॅम्युएल आपटेकर पत्रक हातात घेऊन उभे राहिले. त्यांची लेक अश्दोदला होती.

“माझी नात सायरन वाजला की जिन्याखाली धावते,” ते म्हणाले. “आणि आपल्याच पत्रकात हे? एझ्रा, छापायच्या आधी तू वाचलं होतंस का?”

तीस-पस्तीस माणसं वळून बघायला लागली. त्यांत एझ्राची बायको होती, सासरे होते.

“मी... मी वाचलं नव्हतं,” तो म्हणाला. “घाईत तसंच गेलं.”

मावशी दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं.

“बरोबर आहे,” त्या शांतपणे म्हणाल्या. “मीच घाई केली. त्याला वाचायला वेळच दिला नाही. लिहिलंय ते मात्र माझं आहे, ते मी मागे घेणार नाही.”

पत्रकाच्या प्रती परत मागवायचं ठरलं. हात वर करा म्हटल्यावर एझ्राचाही हात वर गेला. मावशी पर्स उचलून लेकीबरोबर निघून गेल्या.

घरी येताना एमआरटीच्या गाडीत बायको म्हणाली, “वाचलं नव्हतंस? तू तर मला पाठ म्हणून दाखवलं होतंस.” मावशींनी आपल्याला खोटं पाडलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटत राहिलं. त्यांनी त्याच्यासाठी खोटं बोलावं, हेच सहन होत नव्हतं.

फेब्रुवारीच्या बैठकीत, कुणी काही विचारलेलं नसताना, तो उठला.

“ते पत्र मी वाचलं होतं. इंग्रजी मीच केलं. मला ते पटलं होतं, आजही पटतं. त्या दिवशी मी घाबरून खोटं बोललो.”

“बस खाली,” सासरे पुटपुटले. सगळे मान खाली घालून बसले.

दुसऱ्या रांगेतली मावशींची खुर्ची रिकामी होती. त्यांनी मंडळात येणंच सोडलं होतं. दुसऱ्या दिवशी मावशींना सांगायला म्हणून एझ्राने फोन उचलला, नंबरही फिरवला, पण पलीकडे घंटा वाजायच्या आत ठेवून दिला. सांगितलं असतं, तर त्या शाबास म्हणाल्या असत्या. ती शाबासकी घ्यायचं तोंड त्याला नव्हतं.