मंगळवार क्लिवोनचा ब्लॉग

सलातिगा शहराच्या सभागृहात रविवारी सकाळी एक्केचाळीस ब्लॉगवाले माना वर करून पडद्याकडे बघत होते, आणि पडद्यावर चमत्कार घडत होता. ब्लॉग वर आणून देणारे गुरू, मास्टर गुरित्नो यांनी शोधपट्टीत पाच शब्द टाकले आणि बाजारातल्या तोफूवाल्याचा ब्लॉग जगात पहिला आला. महिन्यापूर्वीपर्यंत तो ब्लॉग त्याची बायको आणि मेहुणा एवढेच वाचत होते.

टाळ्या पडल्या. एका बाईंनी डोळे पुसले.

"गेल्याच महिन्यात दिले याला हे शब्द!" मास्टर गरजले. "लग्न ठरवताना जन्मवार आणि लेगी, पोन, क्लिवोन अशा पाचांतला बाजारदिवस जुळवून वेतोन बघता. मग ब्लॉग काय वाऱ्यावर सोडायचा? शोधयंत्रालाही वेतोन लागतं! समाजमाध्यमांवर टाकायचं तेही लेगीच्याच दिवशी!"

तिसऱ्या रांगेत वुर्यानीचा पाय थांबत नव्हता. नऊ वर्षं ती लोदेहसारख्या नारळाच्या दुधातल्या भाज्यांवर, एकूण स्वयंपाकावर लिहीत होती. काल सतरा वाचक आले होते, त्यात तीनदा ती स्वतःच. आज सकाळपासून तिनं तो आकडा चौदा वेळा पाहिला होता.

"बू वुर्यानी!" मास्टरांनी यादी बघून बाईंना पुकारलं. "तुमचा ब्लॉग मंगळवार क्लिवोनचा. जड जन्म. जुने लेख किती?"

"तीनशे बारा."

"पुसा. सगळे. आत्ता. मग प्रत्येक नव्या लेखात घाला, 'लोदेह क्लिवोन सुवर्णमुखी सलातिगा माता'."

"पण त्यात माझ्या आईच्या हातच्या..."

"आई वाचायला येते का?"

"आई वारली, मास्टर."

"मग अडचण काय?"

सभागृह हसलं. वुर्यानीनं फोनवर सगळे लेख निवडले. बोट पुसायच्या खुणेवर गेलं.

"थांबा हो जरा," शेजारचे हर्जितो म्हणाले. जिल्हा ग्रंथालयात तीस वर्षं पुस्तकांची सूची करणारा माणूस, आवाज तसाच हळू. "मास्टर, हे शब्द जगात दुसऱ्या कुणी लिहिलेत?"

"कुणीही नाही! तीच तर शक्ती!"

"मी उद्या 'निळी कोंबडी खाणारा राजा' असं सूचीत विषयाचं कार्ड केलं, तर त्या खणात एकच पुस्तक निघेल. पहिलं आणि शेवटचं. पण तो खण उघडायला येणार कोण?" ते तोफूवाल्याकडे वळले. "काय रे, या शब्दांवरून महिनाभरात किती जण आले?"

तोफूवाल्यानं फोन काढला. "एकोणचाळीस."

"आणि गेल्या सभेला माणसं किती होती?"

तोफूवाल्याचे ओठ हलले, मग कान लाल झाले. "एकोणचाळीसच. सगळ्यांनी इथेच बसून शोधलं होतं."

"आज रविवार पोन!" मास्टर ओरडले. "पोनला शंका काढत नाहीत!"

"मग काढायच्या दिवशी तुम्ही कुठल्या गावी असता?" मागून कुणीतरी विचारलं.

"बू, तुमचंही बघा," हर्जितो म्हणाले. "माणसं काय शोधत येतात ते. रोजचा आकडा सोडा."

शोधलेल्या शब्दांच्या त्या पानावर वुर्यानी कधी गेलीच नव्हती. वर्षभरात दोन हजारांवर माणसं एकच प्रश्न विचारत आली होती: नारळाचं दूध फुटलं तर काय करावं? सात वर्षांपूर्वीचा लेख, आईचा उपाय. आत्ता पुसला जाणार होता तो.

तिनं बोट काढून घेतलं. उभी राहिली.

"तोफू विकत घेताना आपण वास घेतो, दाबून बघतो," ती म्हणाली. "इथे नुसता आकडा दाखवला की आपण हात जोडतो. विचारा ना! कोण आलं, काय शोधत आलं, आणि आपल्यातलंच तर नव्हतं? बाजारदिवस बघून कुणी वाचायला येत नाही. अडलं की येतं."

मास्टर वायर गुंडाळत होते.

वुर्यानी खाली बसली. नारळाच्या दुधाच्या लेखाखाली अकरा जणांचे प्रश्न उत्तराविना पडले होते, सगळ्यात जुना दोन वर्षांपूर्वीचा. तिनं पहिल्याला उत्तर लिहायला घेतलं.