अकराव्या मताचं लग्न

ऑक्सफर्डच्या सेंट ऑस्विन कॉलेजात फेलो, म्हणजे तिथेच राहून शिकवणारा सभासद, धर्मगुरूच असायचा, आणि फेलोनं लग्न केलं की त्याच दिवशी बोचकं उचलायचं. लग्नाची मुभा फक्त प्रमुखाला, म्हणजे मास्टरला. म्हणून मोच्याचा पोर हंफ्री टॅलबॉय प्रवचनं देत, ग्रीक शिकवत फेलोपदापर्यंत चढला खरा, पण दर रविवारी कॉलेजच्या दरवाजाबाहेर उभा राहून आपल्या वाग्दत्त वधूला, डोरकसला, "थोडं थांब" म्हणण्यातच त्याची बारा वर्षं गेली. मास्टरची बायको सोडून बायकांना आत यायची बंदी होती.

म्हातारे मास्टर वारले आणि हंफ्रीचा जीव टांगणीला लागला. उमेदवार दोनच: तो आणि सत्तरीचे, कडू तोंडाचे डॉ. थ्रेलकेल्ड.

"स्वतःचंच नाव घे की, भल्या माणसा!" डोरकसनं निवडणुकीच्या आदल्या दिवशी बजावलं. "माझे केस पिकायला लागलेत."

"कसं घेऊ? उमेदवारानं समोरच्याचं नाव घ्यायचं, अशी रीत आहे."

"मग रीतीशीच लाव लग्न!"

दुसऱ्या दिवशी मतदानासाठी अकरा फेलो जमले आणि प्रार्थनामंदिराला आतून कुलूप लागलं. धाकट्यापासून थोरल्यापर्यंत एकेकानं मोठ्यानं नाव घ्यायचं. नऊ जणांनंतर हंफ्रीला पाच, थ्रेलकेल्डना चार. मग हंफ्रीची पाळी आली. स्वतःचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या बावळटानं म्हटलं, "डॉ. थ्रेलकेल्ड."

पाच-पाच. उरलं एकच मत, थ्रेलकेल्डचं. रीत त्यांनाही लागू होती, पण याआधी मास्टरपदाच्या निवडणुकीत दोनदा हरलेल्या माणसाला ती आठवेलच असं नाही. हंफ्रीनं डोळे मिटले.

"बारा वर्षं," म्हातारा काठी आपटत खेकसला, "हा माझ्या शेजारी जेवायला बसून उसासे टाकतोय. एक घास गोड लागला नाही मला. टॅलबॉय! करा त्याला मास्टर, आणि जेवू दे बायकोशेजारी!"

हशा उसळला. हंफ्री टोपी विसरून दरवाजाकडे धावला. डोरकस बाहेर नेहमीच्या जागी उभी होती.

"कुणाचं नाव घेतलंस?"

"थ्रेलकेल्डचं."

"वाटलंच मला!" तिचा चेहरा पडला. ती वळून निघालीसुद्धा.

"अहो बाई, चाललात कुठे?" मागून थ्रेलकेल्ड ओरडले. "मास्टरांच्या घरचं पहिलं जेवण माझं!"

डोरकस थबकली. हंफ्रीकडे बघून ती हसता हसता रडायलाच लागली. बारा वर्षं तिला अडवणाऱ्या द्वारपालानं दरवाजाचे दोन्ही पल्ले उघडले. तिनं झगा सावरला, डोळे पुसले आणि उंबरठा ओलांडला.