चौकटची दुर्री आणि भिंतीजवळची खुर्ची

हो, मीच बोलतेय, चौकटची दुर्री. पत्त्यांच्या कॅटातलं सगळ्यात हलकं पान. कोथरूडमधल्या एका सोसायटीच्या क्लबहाउसात, रविवारच्या पोकर स्पर्धेत मी राबते. राजा-राणी आले की माणसं ओठ दाबून हसू लपवतात. मी आले की "छ्या!" म्हणून पालथीच फेकतात. सवय झालीय मला.

एकच बाई मला बघून खुलायची. नम्रताकाकू. दत्तप्रसादकाका खेळायचे आणि त्या डावीकडे मटार सोलत बसायच्या. पानं हातात आली की काका ती आधी त्यांच्याकडे तिरकी करायचे. मी दिसले की काकू म्हणायच्या, "अगंबाई, आली का आमची चिमुरडी!" झालं! सगळ्या टेबलाला काकांचे पत्ते कळायचे. काका हरायचे आणि दोघं हसत घरी जायची.

मग स्पर्धा चालवायला दिग्विजय आला. आयटीतला, शिस्तीचा. त्याने भिंतीवर नियम चिकटवले. डाव चालू असताना आपली पानं कोणालाही दाखवायची नाहीत, टाकून दिलेलीसुद्धा नाहीत.

काकूंनी चष्मा लावून वाचलं. "वा! म्हणजे आता नवऱ्याशी बोलायला अर्ज करायचा का?" पण खुर्ची मात्र त्यांनी निमूट डावीकडच्या भिंतीशी नेली.

गेल्या दिवाळीनंतर काकू वारल्या. घर खायला उठतं म्हणून काका पुन्हा खेळायला येऊ लागले. पण पानं आली की हात आपला डावीकडे वळायचाच. तिथे टेबलाशी आता निशा खेळायला बसते. पोरगी सरळ. "काका, मला दिसली हो तुमची पानं."

एकदा ताकीद मिळाली, मग एक फेरी बाहेर बसावं लागलं. "पुन्हा झालं तर बाद करावं लागेल, काका," दिग्विजय खाली बघत म्हणाला.

"बरोबर आहे तुमचं," काका म्हणाले. "पण मग रविवारी मी जाऊ कुठे?"

परवा मी त्यांच्याच हातात आले, जोडीला बदामची दुर्री. काकांनी डावा हात मांडीखाली दाबून धरला आणि उजव्याने पैजेच्या साऱ्या चकत्या पुढे ढकलल्या. निशानेही ढकलल्या. बाकीच्यांनी पानं टाकली. आता बोली लावायला कोणी उरलं नाही, की नियमच उलटा होतो. दोघांनी पानं उघडायची.

"दाखवा काका," दिग्विजय म्हणाला. "आता दाखवायलाच हवीत."

काकांनी मांडीखालचा हात काढला. मला उचललं आणि टेबलावर ठेवण्याआधी डावीकडे, भिंतीजवळच्या खुर्चीकडे तिरकं धरलं. निशा हळूच मागे सरकली.

"आली बरं का चिमुरडी," काका म्हणाले.

डाव निशानेच जिंकला. मी आता डब्यात पालथी पडून आहे आणि मला काकूंची फार फार आठवण येते. पुढच्या रविवारी तुमच्या हाती पडले तर डाव चालू असेतो मला खुशाल लपवा. पण उघडायची वेळ आली, की आधी जरा डावीकडे धरा. ती खुर्ची अजून कोणी हलवलेली नाही.