सगळ्यांत खालच्या फळीवरची रेघ

मित्रांनो, आज माझ्यावर पाण्याच्या घागरी ठेवतात, पण मी जन्माची काही घागरींची नाही. उत्रोलीच्या बांधावर एक जांभळाचं झाड पडलं, सुताराने त्यातून मला काढलं आणि भोरला कोंडिबाच्या किराणा दुकानात, दाराशी, सगळ्यांत खाली बसवलं. मी ती जुनी फळी आहे.

कोंडिबाची बायको रतनबाई. तिला अक्षर ठाऊक नव्हतं. जिन्नस विकला गेला, की त्याच्या जागेखाली फळीच्या कडेवर ती गेरूची एक रेघ ओढायची.

“गेरू फासून फळ्यांचं लगीन लावतीस काय?” कोंडिबा हसायचा.

“हसा! पण रेघा बघा. डिंक नेणारी खारीक नेती, सुंठ मातुर इसरती. कोपऱ्यात दडलीया ना ती!”

दर अवसेला रेघा बघून ती सामान हलवायची. मीठ काय, माणूस मागणारच. ते मागे गेलं. डिंक, खारीक, सुंठ, हळीव, असं बाळंतिणीचं सारं माझ्यावर आलं. वेल्ह्याहून डोंगर उतरून येणारी चंद्राबाई तर हरखलीच. “बाप्यांम्होरं मागाया लाज वाटायची गं. आता बोट दावलं की झालं!”

माझी कड रेघांनी लाल झाली. केवढा तोरा होता मला!

लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर रतनबाईला दिवस गेले. तिला माहेर उरलं नव्हतं. म्हणून स्वतःच्या बाळंतपणाचं सामान तिने स्वतःच लाल फडक्यात बांधलं आणि माझ्या कोपऱ्यात ठेवलं. येता-जाता एक हात त्या गाठोड्यावर, एक पोटावर.

बाळ जन्मलं, पण रडलं नाही.

दोन महिने ती आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. कोंडिबाने माझ्यावरचं सारं, ते गाठोडंसुद्धा, पार वरच्या फळीवर चढवलं आणि माझ्यावर मीठ ठेवलं. रेघा मात्र तो तिच्यासाठी ओढत राहिला.

अवसेला ती दुकानात आली. तेवढ्यात चंद्राबाई दाराशी थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, दुकानात बसलेल्या बाप्यांकडे पाहिलं, आणि नुसतं मीठ घेऊन निघून गेली.

रतनबाईने वरच्या फळीची कड पाहिली. कोरी होती.

“दोन महिन्यांत डिंकाला एकबी रेघ न्हाई?”

“तुझ्या डोळ्यांम्होरं नको, म्हणून वर टाकलं,” कोंडिबा खाली बघत म्हणाला.

“आवं, पण त्या बाया रिकाम्या हातानं गेल्या की! ज्यांची लेकरं रडत्यात, त्या का उपाशी ऱ्हाव्यात?”

डब्यावर चढून तिने एकेक जिन्नस खाली आणला. सगळ्यांत शेवटी गाठोडं. ते छातीशी धरून ती रस्त्यावर धावली.

“चंद्राबाई, सून बाळंत झाली आसंल न्हवं? हे न्या.”

“व्हय गं, नातू झालाय. पर हे तुजं...”

“न्या म्हन्ते ना.”

परत येऊन तिने माझ्या कोपऱ्यात गेरूची एक रेघ ओढली. मग माझ्यावर डोकं टेकलं. त्या दिवशी मी भिजले, मित्रांनो. ते पाणी अजून माझ्या लाकडात आहे.

तुमच्या घरी जुनी फळी असेल, तर रंधा मारण्याआधी तिची कड एकदा नीट निरखून बघा. माझ्या कोपऱ्यातली ती रेघ वाकडी आहे. बाकीच्या साऱ्या सरळ आहेत.