वळूची खोट

सकाळी सकाळीच गोठ्यात भांडण पेटलं. चारही गाई पुन्हा माजावर आल्या होत्या. जनावरांचा डॉक्टर हात धूत म्हणाला, "काका, गाई ठणठणीत आहेत. खोट तुमच्या वळूत आहे. तपासणीत स्पष्ट आलंय, त्याच्यापासून गाय गाभण राहायची नाही."

धाकटीच्या सासऱ्याचा पारा चढला. "माझ्या वळूत? अहो, त्याचं वशिंड बघा, मान बघा! लोक वाट सोडतात त्याला बघून."

"वशिंडानं वासरं होत नाहीत, काका."

शेण भरता भरता धाकटीला हसू फुटलं, ते तिनं ओठातच दाबलं. या घरात तिला हसायचीही चोरी होती. लग्नाला सहा वर्षं झाली तरी कूस उजवली नव्हती, आणि सासू उठता-बसता वांझ म्हणून तिचा उद्धार करायची. तिच्या आधी नवऱ्याची एक बायको होती, तिला सगळे थोरली म्हणायचे. तिलाही वांझ म्हणूनच घराबाहेर काढलं होतं. थोरलीनं मग नदीपलीकडच्या सुताराशी संसार मांडला आणि तिला दोन मुलं झाली. अख्ख्या गावानं ती बाजारात पाहिली होती. सासू मात्र म्हणायची, "बहिणीची पोरं कडेवर घेऊन मिरवते, मेली!" त्यातला मोठा तर नाकाडोळ्यानं हुबेहूब थोरलीवर गेला होता. पण झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण जागं करणार?

धाकटीनं नवऱ्याला एकदा विनवून पाहिलं होतं, "माझी तपासणी झाली, काही निघालं नाही. आता तुमचीही करून घेऊ."

"मला काय धाड भरलीय? एका हातानं पोतं उचलतो मी," तो म्हणाला आणि कूस बदलून घोरायला लागला. जसा बाप तसा लेक.

सासऱ्यानं वळूचा हेका काही सोडला नाही. गाईंचा चारा बदलला, त्यांची दावणीतली जागा बदलली, गाईंना शिव्या घातल्या. नाचता येईना, अंगण वाकडं. शेवटी घरातलं दूध आटलं, तेव्हा त्यानं गुपचूप वळू विकला आणि शेजारच्या गावाहून दुसरा आणला. पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाला, चारही गाई गाभण आहेत. त्याच संध्याकाळी सासरा चार माणसांत छाती फुगवून सांगत होता, "मी पहिल्यापासून म्हणत होतो, खोट वळूतच आहे!" आणि ती चार माणसं माना डोलवत होती.

मग त्यानं मुलासाठी तिसरी बघितली. ही ठरली की धाकटीनं भावाच्या दारात जाऊन पडायचं, असं सासूनं सांगूनच टाकलं होतं. मुलीचा बाप घर बघायला आला, त्या दिवशी अंगण धाकटीनंच झाडलं. गोठ्यात पाणीही तिनंच नेऊन दिलं.

"चारही गाभण? नशीबवान आहात," पाहुणा म्हणाला.

"नशीब कसलं? अक्कल लागते. एकामागून एक सगळ्या गाई रिकाम्या राहिल्या, तर खोट गाईंत नसते, वळूत असते. शेंबड्या पोरालाही कळतं हे."

धाकटीला राहवलं नाही. "मामंजी, आणि एकामागून एक दोन बायका रिकाम्या राहिल्या तर?"

नवरा उगाच गाईचं दावं सोडून पुन्हा बांधायला लागला. सासऱ्याचा चेहरा तांबडालाल झाला. "जनावराचं वेगळं, माणसाचं वेगळं!"

धाकटी पाहुण्याकडे वळली. "नदीपलीकडचा सुतार तुमच्या ओळखीचा असेल."

"आहे," तो खाली बघत म्हणाला. "दोन मुलं आहेत त्याला."

म्हणजे याला माहीत होतं. धाकटीच्या जिवात जीव आला. आपलं काय व्हायचं ते होवो, एक पोर तरी वाचली.

पाहुण्यानं पाणी संपवलं, तोंड पुसलं आणि सासऱ्याला विचारलं, "विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतं ना?"

"टिकतं तर! बारमाही," सासरा खुलला.

धाकटीनं भांडं विसळून जागेवर ठेवलं, कपड्यांचं गाठोडं बांधलं आणि बाहेर आली. कुणी अडवलं नाही. पाहुण्यापाशी मात्र ती थांबली.

"पोरीला सांगा, केरसुणी दारामागं आहे. चौथीचा बाप घर बघायला येईल, तेव्हा अंगण तिलाच झाडावं लागेल."