शालिग्रामरावांची न पाहिलेली नाणी

शालिग्रामराव खोलकुटे यांनी स्वतःची नाणी कधी पाहिली नव्हती. हसू नका, नाणी जमवणाऱ्यांच्या जगात यालाच इभ्रत म्हणतात. छत्तीसगढ राज्य झालं त्या वर्षापासून दरवर्षीचं एक स्मृतिनाणं त्यांच्याकडे होतं, टांकसाळीतून आलं तसंच, मखमली डब्यात आणि डब्यावर चढवलेल्या प्लास्टिकसकट. ते प्लास्टिक फाटलं की नाणं बाद. सुरुवातीच्या वर्षांची नाणी त्यांनी छंद लागल्यावर, आठ-दहा वर्षांपूर्वी, दुर्गचे नाणेव्यापारी दिवाकर भैया यांच्याकडून विकत घेतली, पुढची टपालाने मागवली. पोस्टमनने पार्सल जरा जोरात ठेवलं, तरी शालिग्रामराव त्याच्याशी दारात भांडत.

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या त्यांच्या घरात एकच मोठं कपाट. वरचा खण त्यांचा. खालच्या खणात विनोदिनीबाई घरात आलेले आहेर ठेवत, पुढच्या लग्नामुंजीत खपवायला. कपबश्या, लेमनसेट, भिंतीवरची घड्याळं, सगळं न उघडलेलं, कारण उघडलेला आहेर पुढे ढकलता येत नाही. म्हणजे दोघांचं तत्त्व एकच. फक्त नवरा त्याला छंद म्हणे.

दिवाळीच्या रंगकामात कपाट रिकामं केलं, भरताना खणांची सरमिसळ झाली आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही. मग नव्या रायपुरात, नव्याने वसवलेल्या राजधानीत, नाण्यांचं प्रदर्शन जाहीर झालं. पहिल्या मानासाठी अट अशी की वर्षांची रांग अखंड हवी आणि एकही डबा उघडलेला नको. शालिग्रामरावांनी आयुष्यात काहीच जिंकलं नव्हतं. त्यांनी पलंगावर डबे लावले, तर एक वर्ष गायब.

"निळा डबा ना? तो तं मी सचिनच्या पोट्टीच्या बारशाले देऊन टाकला," विनोदिनीबाई म्हणाल्या. "काहून ओरडून राहिले एवढे? मले वाटलं, आहेराचाच हाय."

"अवो, जीव होता तो माझा!"

"मंग आहेराच्या खणात काहून ठेवला जीव?"

सचिन हा विनोदिनीबाईंच्या मैत्रिणीचा मुलगा, नव्या रायपुरात सरकारी नोकरीला. शालिग्रामराव दुसऱ्याच दिवशी निघाले. बस मिळेपर्यंत अर्धी सकाळ गेली. उतरल्यावर रस्ता एवढा रुंद आणि एवढा मोकळा, की पत्ता विचारायला माणूस सापडेना. अख्खी राजधानीच कोणी वेष्टनात जपून ठेवली असावी, असं त्यांना वाटलं आणि बरंही वाटलं. सचिनच्या बायकोने, देवश्रीने, दार उघडलं. आतल्या सोफ्यावर अजून दुकानाचं प्लास्टिक होतं. ते पाहून त्यांना फारच धीर आला.

"काका, राग मानू नका हं," देवश्री लाजून म्हणाली. "आम्ही तो डबा उघडलाच नाही. बीरगांवला ह्यांचे शामराव मामा आहेत ना, त्यांच्या वास्तुशांतीला दिला."

"उघडला नाही? शाब्बास!" शालिग्रामराव म्हणाले. तिला काही कळलं नाही, पण शिव्या बसल्या नाहीत म्हणून तिने चहा केला.

बीरगांवात मात्र घात झाला. शामराव कारखान्यात पाळीवर गेले होते. त्यांच्या बायकोने, रमाबाईंनी, पाणी दिलं आणि उत्साहाने सांगितलं, "हव, आला होता ना डबा! पाहुणे गेले अन् मी लगेच उघडला. कोणी मायेनं देते, ते पाहावं नाही का?"

त्यांनी शालिग्रामरावांना देवघरापाशी नेलं. लाल कापडावर नाणं ठेवलं होतं, हळदकुंकू वाहिलेलं, रोज चिंचेने घासून लखलखीत केलेलं. शालिग्रामराव पाहतच राहिले. कडेचं कोरीव काम, मधला सिंह, सारं इतकं देखणं होतं, की आपल्याकडे असलं काही होतं यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांना आनंद झाला, अगदी भाबडा आनंद. पण तो टिकला नाही. चिंचेने घासलेल्या नाण्याला बाजारात कोणी विचारत नाही, हे आठवलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"तुमचं असन तं घेऊन जा, भाऊ," रमाबाई म्हणाल्या. "देव नाही रागवत."

"नाणं राहू द्या," शालिग्रामराव म्हणाले. "डबा हाय का?"

रमाबाईंनी डब्यातल्या सेफ्टी पिना आणि बटणं ओतून काढली आणि डबा त्यांच्या हाती दिला. पाहुणा बरा दिसतो, पण डोक्याचं काही सांगता येत नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं.

तात्यापाऱ्यातल्या मिठाईवाल्याकडे डब्यांवर गरम हवेने प्लास्टिक चढवायचं यंत्र होतं. "इसमें कुछ भरना है, भैया?" त्याने विचारलं. "नहीं, ऐसे ही चढ़ा दो," शालिग्रामराव म्हणाले. डबा असा झाला, की टांकसाळवाले फसले असते.

प्रदर्शनात पहिला मान त्यांनाच मिळाला. प्रमुख पाहुण्यांनी शाल पांघरवली, नारळ दिला आणि "वारसा अस्पर्श ठेवण्याची ही निष्ठा" वगैरे बरंच बोलले. आत काय आहे, हे कोणी विचारलं नाही. विचारणं गावंढळपणाचं ठरलं असतं.

गर्दी पांगल्यावर दिवाकर भैया जवळ आले. त्यांनी निळ्या डब्याच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला आणि हळूच म्हणाले, "मिठाईवाल्याकडून चढवलं ना? चांगलं काम करते तो. मी बी त्याच्याचकडून करून घेतो, दहा-बारा वर्सं झाली."

शालिग्रामरावांनी तडक घरची वाट धरली. घरी येताच त्यांनी दिवाकर भैयांकडून घेतलेले सगळे डबे पलंगावर मांडले. एक उचलून कानाशी हलवला. मखमलीत घट्ट बसलेलं नाणं वाजत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी दुसरा हलवला, मग तिसरा.

विनोदिनीबाईंनी कात्री आणून समोर ठेवली. "हलवून काय पाहून राहिले? कापा अन् पाहा."

शालिग्रामराव कात्रीकडे पाहत बसले. त्यांना खरोखर भीती वाटत होती.

"अन् नाणं निघालं तं?" ते म्हणाले. "मीच फोडलं म्हणून बाद होईल. अन् नाही निघालं तं..."

त्यांनी अंगावरच्या शालीने एकेक डबा पुसला, वर्षांच्या क्रमाने खणात लावला आणि कपाटाला कुलूप घातलं.