झाडाच्या कमरेचं माप

मुलाने फोनवर अट घातली होती. "थंडीपुरती जळणाची लाकडं तुझी तू कापून ठेवलीस तर रहा तिथे. नाहीतर पुढच्या महिन्यात मी न्यायला येतो." त्याचे बाबा गेल्यापासून त्याचं हेच तुणतुणं चालू होतं. लाकडं तेच कापायचे. त्यांचा लाकूड कापायचा चेनसॉ त्यांच्याआधी दोन महिने गेला होता.

मी चाळीस वर्षं शिवणकाम करतेय, याच घरात, याच खिडकीपाशी. "तुझ्याकडे माझं शिलाई मशीन कुठे ठेवू?" असं विचारलं तर म्हणतो कसा, "आता कशाला शिवत बसतेस?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या वर्षी वाऱ्याने घरामागे पाडलेली दोन झाडं तशीच पडून होती. फोन झाला त्याच दुपारी त्यांची मापं कागदावर लिहिली आणि चेनसॉचं दुकान गाठलं.

दुकानदाराने आधी बॅटरीवरचा इवलासा चेनसॉ पुढे केला. "हलका आहे काकू. फांद्या छाटायला एकदम छान."

"फांद्या नाहीत, खोड कापायचंय. अडतीस इंच."

"अडतीस?" त्याने चष्मा कपाळावर चढवला आणि खालच्या फळीवरून दोन्ही हातांनी एक धूड उचलून आणलं. मी ते कमरेपर्यंत उचलून धरलं आणि मनात वीस आकडे मोजायला घेतले. बाराव्यालाच हात थरथरायला लागले.

"याने लाकूड राहील बाजूला, माझाच पाय कापेन मी."

"मग माणूस लावा, काकू. एवढ्या जाडीच्या खोडाला हासुद्धा दोन्ही बाजूंनी घालावा लागतो."

"माणूस मिळत असता तर इथे कशाला आले असते?" असं म्हणाले खरी, पण आतून पार खचले. माझी खिडकी सुटतेय असं वाटलं.

"माप कसं घेतलंत?" त्याने विचारलं.

"कसं म्हणजे? टेप गुंडाळून."

तो आधी माझ्याकडे बघत राहिला, मग काउंटरला धरून हसायला लागला. "अहो, हा घेर झाला! झाडाला काय झगा शिवायचाय?"

माझे कान तापले. जन्मभर लोकांच्या कमरा मोजल्या, खोडालाही तसाच टेप गुंडाळला. मग मलाही हसू आवरेना. त्याने कागदावर भागाकार केला. जाडी निघाली जेमतेम बारा इंच. "सोळा इंची पात्याचा मधला घ्या," तो म्हणाला.

मधला मी उचलला, आडवा धरला, वीस मोजले. हात स्थिर होते. तरी म्हटलं, माझ्या हाताने सुरू झाल्याशिवाय घेणार नाही. दुकानामागच्या अंगणात त्याने साखळीचा ब्रेक कसा लावायचा ते दाखवलं. मशीन जमिनीवर ठेवून, पायाने दाबून मी दोरी ओढली. पाच वेळा काही झालं नाही. तो पुढे सरसावला.

"हात लावू नका."

सातव्यांदा मशीन गुरगुरलं. मी ते बंद केलं आणि पुन्हा सुरू केलं. मगच घेतलं, सोबत जाळीचं हेल्मेट, हातमोजे आणि जाड विजार.

त्यानंतर तीन आठवडे रोज सकाळी दोन तास कापलं. काही झालंच तर फोन करायला शेजारीण लांब खुर्ची टाकून बसायची. कुऱ्हाडीने फोडणं मला आधीपासूनच येत होतं.

मुलगा आला तो गाडीत रिकामी खोकी घेऊनच. भिंतीला लावलेली छातीइतकी रास बघून जागीच थांबला. "हे सगळं तू कापलंस?"

"मग कोण येणार कापायला?"

त्याने वरचं एक लाकूड उचललं आणि परत जागेवर ठेवलं. मग खाली बघत म्हणाला, "आई, मी माझ्याकडे तुझ्यासाठी खोली रंगवून घेतली होती गं."

मला वाईट वाटलं. हा आपला मला बांधून न्यायला निघालाय, एवढंच मी धरून बसले होते. त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"चार दिवस येईन की राहायला. पण पाहुणी म्हणून," मी म्हटलं. "आता ती खोकी उतरव. बारीक लाकडं भरायची आहेत."